क्षणजीवी सृष्टि

वडीलधाऱ्या माणसांस वांकून नमस्कार केला असतां आपल्याकडे जो आशीर्वाद मिळतो तो बहुधा आयुष्याचा असतो. विद्या, धन, संतति हीं सारीं त्याच्या मागून. शंभर शरद ऋतु पाहावयास मिळावेत अशी प्रार्थना तर वेदांतच केलेली आहे. उलट जें फार काळ टिकत नाहीं त्याला आपण 'क्षणभंगुर' म्हणतों, आणि त्या शब्दांत थोडी कींव व थोडी अवहेलनाहि असते. दिव्यावरचा पतंग, पाण्यावरचा बुडबुडा, कमळाच्या पानावरचा थेंब हे वैराग्याचे दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलों. त्यामुळें अल्पायुषी प्राणी आपल्या वाङ्मयांत पुष्कळ आले, पण आले ते बहुतेक उपदेशासाठीं. त्यांचें स्वतःचें आयुष्य कसें जातें, तेवढ्या वेळांत ते काय काय उरकतात, आणि एवढेंसें आयुष्य घेऊन त्यांचा वंश युगानुयुगें कसा टिकला, हा प्रश्न मागें राहिला. त्याचा थोडासा विचार येथें करावयाचा आहे, आणि उदाहरणें शक्य तों सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतलींच घ्यावयाचीं आहेत.

आधीं 'अल्प' म्हणजे किती, हें पाहिलें पाहिजे. पौराणिक गणिताप्रमाणें ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे माणसांचीं ४३२ कोटि वर्षें. त्या मापानें पाहूं गेल्यास शंभर वर्षें जगलेले आजोबा आणि एक रात्र जगलेला किडा यांतील अंतर दाखविण्यास कांटाच सांपडणार नाहीं. व्यवहारांत मात्र आपण सर्वांचें आयुष्य आपल्या आयुष्याशीं ताडून पाहतों. आपल्याच घराच्या कोनाकोपऱ्यांत राहणारी चिचुंद्री फार तर दोनएक वर्षें काढते. माशीला पंख फुटल्यावर सुमारें महिनाभर मिळतो. डांसांमध्यें नर आठवडाभर जगतो, मादी कांहीं आठवडे. साचलेल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं धरिला असतां तोंडाशीं चाक फिरल्यासारखा भासणारा रोटिफर नांवाचा जीव दिसतो. त्याच्या कित्येक जाति एकदोन आठवड्यांत जन्म, वाढ, प्रजा आणि मरण हीं सर्व आटोपून मोकळ्या होतात.

परंतु आयुष्य मोजतांना आरंभ कोठून धरावयाचा, ही एक अडचण आहे. किड्यांचें आयुष्य अंडें, अळी, कोश आणि पंखवाला किडा अशा अवस्थांतून जातें, आणि आपल्या दृष्टीस पडते ती बहुधा शेवटची अवस्था. लग्नाचे चार दिवस पाहून नवरदेवाचें वय चार दिवस ठरवावें, तसा आपला हिशेब होतो. रेशमाचा किडा घ्या. संस्कृत ग्रंथकारांनीं त्याला कोशकार म्हटलें, आणि स्वतःच्या तंतूंनीं स्वतःला बांधून घेणाऱ्या संसारी जीवाची त्याला उपमा दिली. कोशांतून निघालेल्या त्याच्या पतंगास कांहीं खातां येत नाहीं. तो आठवडाभर जगतो, जोडीदार गांठतो आणि मरतो. पण त्यापूर्वीं अळी असतांना तो महिनाभर तुतीचीं पानें खात असतो. पतंगाच्या त्या आठवड्याची शिदोरी अळीनें बांधून दिलेली असते.

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला, कीं त्याच संध्याकाळीं घरोघर एक देखावा दिसतो. जमिनींतून पंखांचे किडे भराभर निघतात, दिव्याभोंवतीं गर्दी करितात, ताटांत पडतात, आणि सकाळीं ओसरीवर नुसत्या पंखांचा थर झाडून काढावा लागतो. 'मुंगीला पंख फुटले' या आपल्या म्हणीचा अर्थ तिचें मरण जवळ आलें असा आहे. पण ओसरीवरचे हे किडे बहुधा मुंग्या नसून वाळवी असते. त्यांतील हजारोंना बाहेरचें जग एका रात्रीपुरतेंच लाभतें. पाली, बेडूक, पांखरें त्यांना टिपतात. एखादी जोडी मात्र वांचते, स्वतःचे पंख स्वतः गाळून टाकते, मातींत शिरते आणि नवें वारूळ मांडते. आणि त्यांतली राणी पुढें दहादहा वर्षें सुद्धां जगते. बहिणी त्याच, घर तेंच. एकीला एक रात्र आणि दुसरीला एक तप. तेव्हां वाळवीचें आयुष्य किती, या प्रश्नास एका आंकड्यानें उत्तर देतां येत नाहीं.

दिव्याचा विषय निघालाच आहे, तर पतंगावरील एक जुना आळ येथेंच दूर करूं. गीतेच्या अकराव्या अध्यायांत पेटलेल्या ज्वालेंत उडी घेणाऱ्या पतंगांचा दृष्टान्त आहे, आणि पुढील कवींनीं तर पतंगाला दिव्याचा प्रेमिकच ठरविलें. दृष्टान्त म्हणून तो योग्यच आहे. पण कीटकाची स्वतःची हकीकत निराळी आहे. २०२४ सालीं 'नेचर कम्युनिकेशन्स' या शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत अतिशय वेगवान छायाचित्रें घेऊन असें दाखविलें आहे, कीं उडणारे किडे आपली पाठ उजेडाकडे करितात. रात्रीं सुद्धां आकाश जमिनीपेक्षां उजळ असतें, त्यामुळें उजेड तिकडे वर, हें ओळखण्याची ही त्यांची लाखों वर्षांची खूण. दिवा बाजूला किंवा खालीं लागला कीं ही खूण चुकते. किडा वळत राहतो, भोंवऱ्यांत सांपडतो आणि दमून पडतो. त्याला ना मोह झालेला असतो, ना प्रेम. त्याची दिशा चुकलेली असते. दहा वर्षें जगणाऱ्या प्राण्याची एक रात्र अशी वांया गेली तर त्याचें फारसें बिघडत नाहीं. ज्याच्याजवळ एकच रात्र आहे, त्याचें मात्र सर्वस्व गेलें.

ही एकच रात्र असलेल्यांत सर्वांत प्रसिद्ध किडा म्हणजे इंग्रजींत ज्यास मेफ्लाय म्हणतात तो. आपण त्याला 'एकदिनी' म्हणूं. कारण त्याच्या गणाचें शास्त्रीय नांव ज्या ग्रीक शब्दावरून आलें आहे त्याचा अर्थहि 'एका दिवसाचा' असाच आहे. ॲरिस्टॉटलनें आपल्या प्राणिविषयक ग्रंथांत हिपानिस नदीकांठच्या अशा एका जीवाचें वर्णन केलें आहे. तो दिवसभर उडतो आणि सूर्य मावळतांना मरतो, असें तो म्हणतो. १६७५ मध्यें यान स्वामरडाम या डच शास्त्रज्ञानें तर या एका किड्याच्या आयुष्यावर सबंध पुस्तक लिहिलें.

कृष्णा, वेण्णा आणि कोयना या आपल्या नद्या महाबळेश्वरीं उगम पावतात, हें वाचकांस माहीत आहेच. सह्याद्रीच्या अशा थंड, वाहत्या ओढ्यांतील एखादा गुळगुळीत दगड अलगद उलटून पाहिला, तर त्याच्या खालच्या बाजूस चपट्या अंगाचे, मागें दोनतीन शेपट्या असलेले लहान जीव सरसर पळतांना दिसतात. तीं एकदिनीचीं पिलें. दगडावरचें शेवाळ आणि कुजका पाला खाऊन तीं पाण्यांत वाढतात, पुनःपुन्हां कात टाकितात, आणि जातीप्रमाणें व पाण्याच्या उष्णतेप्रमाणें कांहीं आठवडे ते दोनतीन वर्षें तेथेंच काढितात. मग एके दिवशीं तीं पृष्ठभागावर येतात, पंख उघडतात, जवळच्या झुडपावर बसतात आणि तेथें आणखी एकदां कात टाकितात. पंख फुटल्यावर पुन्हां कात टाकणारा कीटक सर्व कीटकसृष्टींत हा एकच. यानंतर त्याला अन्न घेतां येत नाहीं. पोटाच्या नळींत अन्नाऐवजीं हवा भरलेली असते. नर थव्यानें खालींवर नाचतात, मादी त्या थव्यांत शिरते, पाण्यावर अंडीं टाकिते, आणि कित्येक जातींत तासाभरांत किंवा रात्रभरांत सर्व संपतें. अमेरिकेंतील डोलानिया नांवाच्या एका जातीची मादी शेवटची कात टाकल्यावर पांच मिनिटेंहि जगत नाहीं. तेवढ्यांत तिचें लग्न आणि प्रसूति दोन्हीं होतात.

युरोपांत हंगेरी देशांतील टिसा नदीवर जूनच्या सुमारास मोठ्या आकाराच्या एकदिनींचे थवेच्या थवे उठतात. 'टिसा फुलली' असें तेथील लोक म्हणतात, आणि तें फुलणें पाहण्यासाठीं कांठावर जमतात. तीन वर्षें नदीच्या तळच्या मातींत पुरून घेतलेलें आयुष्य कांहीं तासांत फुलून जातें. त्याच देशांत विसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट आढळली: ओढ्याजवळच्या डांबरी रस्त्यावर एकदिनींच्या माद्या अंडीं टाकीत होत्या. डांबराच्या पृष्ठावरून परतणारा उजेड त्यांच्या डोळ्यांस पाण्यासारखा दिसतो. किंबहुना पाण्याहूनहि अधिक पाण्यासारखा दिसतो. सारी अंडीं रस्त्यावर वाळून जातात. चूक सुधारण्यास त्या मादीजवळ उद्यांचा दिवस नसतो.

महाबळेश्वरीं आलोंच आहों, तर तेथल्या दुसऱ्या एका अल्पायुषी प्राण्यास भेटून पुढें जाऊं. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचें मध संचालनालय याच गांवीं आहे, आणि महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें खेडें २०२२ सालीं देशांतलें पहिलें 'मधाचें गांव' म्हणून पुढें आलें. तेथील मधपाळ लांकडी पेट्यांतून जी माशी पाळितात ती सातेरी. पेटींतील राणीमाशी दोनतीन वर्षें जगते. पण कामकरी माशीला हंगामाच्या दिवसांत जेमतेम सहा आठवडे मिळतात. त्यांतले पहिले तीनएक आठवडे घरांतच जातात: आधीं घरें झाडणें, मग बाळांस भरविणें, मग मेण काढून बांधकाम करणें, मग दाराशीं पहारा. शेवटचे दिवस फुलांवर. पंख झिजून फाटले कीं एके दिवशीं ती परत येत नाहीं. पाश्चात्त्य मधमाशीविषयीं असा हिशेब देतात, कीं एक कामकरी माशी जन्मभर खपून चहाच्या चमच्याच्या बाराव्या हिश्श्याइतका मध करिते. आपली सातेरी तिच्याहून अंगानें लहान. तेव्हां तीर्थाच्या पळीभर मधांत किती जन्म सामावले असतील, याचा अंदाज वाचकांनींच करावा.

याच डोंगरांत कारवी आहे. कारवीचें रान साधारण सात वर्षांनीं एकदां फुलतें, आणि त्या वर्षीं कारवीचा मध मिळतो. आतां गणित करून पाहा. सात वर्षें म्हणजे सुमारें ३६५ आठवडे. सहा आठवड्यांचें एक आयुष्य धरिलें, तर एका बहरापासून दुसऱ्या बहरापर्यंत एकामागून एक अशीं साठ आयुष्यें होतात. बहुतेक माश्यांना कारवीचें फूल म्हणजे काय हें जन्मांत कळत नाहीं. तरी ज्या वर्षीं कारवी फुलते त्या वर्षीं मोहोळ तयार असतें. तें तयार राहतें तें मधल्या साठ जणींमुळें. त्यांनीं जांभळाच्या आणि हिरड्याच्या फुलांवर खपून पेटी चालती ठेवलेली असते.

येथून कृष्णेबरोबर खालीं उतरूं. माहुलीस वेण्णा तिला मिळते, कऱ्हाडास कोयना मिळते, आणि सांगलीजवळ हरिपुरास वारणा मिळते. या कांठच्या काळ्या जमिनींत उसाचें राज्य आहे. २००२ सालच्या जुलैंत सांगली जिल्ह्यांत उसाच्या पानांच्या पाठीमागें पांढऱ्या लोंकरीसारखा थर दिसूं लागला. पानांवरून चिकट रस ठिबकूं लागला, खालच्या पानांवर काजळी धरली, आणि उभा ऊस निस्तेज पडूं लागला. हा लोकरी मावा. ईशान्येकडील प्रांतांस तो पूर्वीपासून माहीत होता. इकडे मात्र नवाच. बघतां बघतां तो शेजारच्या जिल्ह्यांत आणि कर्नाटकाच्या उत्तर भागांतहि पसरला.

मावा हा मिलिमीटरांत मोजावयाचा किडा, आणि त्याचें आयुष्य कांहीं आठवड्यांचें. मग त्यानें एवढ्या मोठ्या मुलखास कसें जेर केलें? त्याचें बळ त्याच्या त्या लहान आयुष्यांतच आहे. उसावर वाढतांना माव्याच्या माद्या नरावांचून प्रजा देतात, आणि अंडें न घालतां थेट जिवंत पिलूं देतात. मुलगी जन्मते तेव्हांच तिच्या पोटांत तिच्या मुलींचे अंकुर धरलेले असतात. म्हणजे आजीच्या पोटांत नात वाढत असते. आतां केवळ समजुतीसाठीं असें धरा, कीं एका मादीमागें वीसच पिलें वांचलीं. दुसऱ्या पिढींत ४००, तिसरींत ८,०००, चौथींत १ लाख ६० हजार, आणि पांचव्या पिढींत ३२ लाख! माणसाच्या पांच पिढ्यांना शंभरसव्वाशें वर्षें लागतात. माव्याच्या पांच पिढ्या एका पावसाळ्यांत बसतात.

त्याच्यावरचा उतारा जो सांपडला तोहि असाच अल्पायुषी निघाला. डिफा नांवाच्या पतंगाची अळी, मायक्रोमस नांवाचा जाळीदार पंखांचा किडा, आणि एन्कार्सिया ही अगदीं बारीक गांधीलमाशी या तिघांचें अन्न मावा. यांचीहि आयुष्यें आठवड्यांचीं, त्यामुळें वाढहि तितकीच झपाट्याची. कृषिशास्त्रज्ञांनीं शेतकऱ्यांस सांगितलें, कीं जेथें हे मित्रकीटक दिसतील तेथें विषारी औषधें फवारूं नका. उलट त्यांच्या अळ्या व कोश असलेलीं पानें कापून दुसऱ्या शेतांत नेऊन बांधा. तें ज्यांनीं केलें त्यांच्या शेतांत मावा हटला, आणि कांहीं वर्षांत सबंध प्रदेशांत तो आटोक्यांत आला. यांत ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, घाईघाईनें मारलेल्या फवाऱ्यानें शत्रु आणि मित्र दोघेहि मरतात. पण शत्रूंतले चारदोन उरले तरी त्यांचा पुन्हां लाख होतो, आणि मित्रांना मात्र शत्रु वाढल्याखेरीज अन्नच नसल्यामुळें ते मागाहून येतात. मधल्या काळांत ऊस जातो. क्षणजीवी म्हणून ज्यांना आपण हिशेबांत धरीत नाहीं, त्यांच्यावर साखरेच्या पोत्यांचा हिशेब अवलंबून असतो तो असा.

येथवर सारी कीटकांची गोष्ट झाली. कण्याच्या प्राण्यांत तरी असें अल्पायुष्य नसेल, असें वाटण्याचा संभव आहे. परंतु ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या पोंवळ्यांच्या रांगेंत एव्हिओटा नांवाचा एक चिमुकला मासा आहे. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणें त्याचें आयुष्य फार तर ५९ दिवसांचें. त्यांतले पहिले तीन आठवडे तो उघड्या समुद्रांत वाहत असतो, एकदोन आठवडे वयांत येण्यास लागतात, आणि उरलेल्या सुमारें साडेतीन आठवड्यांत संसार. मादागास्कर बेटांतील लाबोर्डचा सरडा तर याहून विलक्षण. पावसाळ्याच्या तोंडीं, नोव्हेंबरांत, सारीं पिलें एकदमच अंड्यांतून निघतात, दोन महिन्यांत मोठीं होतात, अंडीं घालितात, आणि चारपांच महिन्यांचीं होऊन मरून जातात. पुढचे आठनऊ महिने त्या जातीचा एकहि सरडा पृथ्वीवर चालत नसतो! सारी जात त्या काळांत वाळूंतल्या अंड्यांत असते. जगणें चार महिने, आणि जन्माची वाट पाहणें त्याच्या दुप्पट.

पण याच तऱ्हेची, किंबहुना याहून अधिक धीराची गोष्ट पाहण्यास मादागास्करला जाण्याचें कारण नाहीं. पुन्हां घाट चढून साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारें पंचवीस किलोमीटर गेलें कीं कासचें पठार लागतें. २०१२ सालीं युनेस्कोनें पश्चिम घाटास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी अशीं चार स्थळें आपल्या या भागांतलीं आहेत. भाद्रपदाच्या सुमारास कासची फुलें पाहावयास हजारों कुटुंबें जातात. फुलांकडे पाहणाऱ्यांच्या पायांशींच जांभ्या खडकांत लहान लहान खळगे असतात. कोणी परातीएवढे, कोणी अंगणाएवढे. खोली कोठें वीतभर, कोठें गुडघाभर. ज्येष्ठांत ते भरतात, आणि पाऊस सरला कीं आटतात. उन्हाळ्यांत त्यांच्या तळाशीं चिमूटभर माती तेवढी उरते, आणि तो खडक असा तापतो कीं अनवाणी पाय ठेववत नाहीं.

सह्याद्रीच्या माथ्यावरील अशा डबक्यांत पाऊस पडल्यावर थोड्याच दिवसांत कांचेसारखे पारदर्शक, बोटाच्या पेऱ्याएवढे जीव पोहूं लागतात. तेहि उताणे, पोट आकाशाकडे आणि अकरा जोड्या पाय एका लयींत वल्ह्यांसारखे हालत असलेले. कोळंबीच्याच व्यापक कुळांतला, पण अंगावर कवच नसलेला हा जीव. इंग्रजींत त्याला फेअरी श्रिंप, म्हणजे परी-कोळंबी, म्हणतात. २०१४ सालीं सह्याद्रींतील एका जातीचें वर्णन प्रसिद्ध झालें, तेव्हां तिला नांवहि सह्याद्रीचेंच देण्यांत आलें: स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस.

परी-कोळंबी पाण्यांतले सूक्ष्म शैवाल गाळून खाते, कांहीं आठवड्यांत मोठी होते, आणि मादी पोटाखालच्या पिशवींत अंडीं वागविते. डबकें आटलें कीं ती मरते. अंडीं मात्र त्या चिमूटभर मातींत पडून राहतात. तीं सुकतात, तापतात, वाऱ्यानें उडतात, पांखरांच्या पायांस चिकटून दुसऱ्या खळग्यांत जातात, आणि पुढच्या पावसानें भिजलीं कीं फुटतात. पण सारींच फुटत नाहींत. एखाद्या वर्षीं वळिवाची एक सर येते, डबकें भरतें, आणि मोसमी पाऊस लांबतो. त्या फसव्या पाण्यावर जीं अंडीं फुटलीं तीं मेलीं. म्हणून कांहीं अंडीं पहिल्या पाण्यास दाद देत नाहींत; दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाची वाट पाहतात. शहाणा शेतकरी कणगींतलें सारें बीं एका पेरणींत टाकीत नाहीं, तसाच हा प्रकार. आणखी एक मौज अशी कीं, डबकें आटतें हा या जीवाला शाप नसून वर आहे. बारमाही पाण्यांत मासे असतात, आणि मासे असले तर या बिनकवचाच्या, संथ पोहणाऱ्या जीवाचा दिवसांत फडशा पडेल. कोणी परोपकारबुद्धीनें तें डबकें खोल करून त्यांत बारमाही पाणी केलें आणि मासे सोडले, तर त्यानें परी-कोळंबीचा निर्वंश केला असें होईल.

या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट निघते. एकदिनीचीं वर्षें ओढ्याच्या दगडाखालीं असतात, सातेरीचीं मोहोळांत, परी-कोळंबीचीं खडकावरच्या मातींत. आपल्या डोळ्यांस जो पंखवाला किंवा पोहणारा जीव दिसतो तो व्याजासारखा. मुद्दल त्या जागेंत ठेवलेलें असतें. दीर्घायुषी प्राण्याला एक वर्ष वाईट गेलें तर तो दुसऱ्या वर्षाची वाट पाहूं शकतो, दुसऱ्या रानांत जाऊं शकतो. क्षणजीवी प्राण्याचा सारा भरंवसा आपली जागा तशीच राहील यावर असतो. आणि आपण नेमके जागेकडेच पाहत नाहीं. फुलांवर पाय पडूं नये म्हणून जपणारा सुशिक्षित मनुष्य कोरड्या खळग्यांतून मोटार नेतो. कारण तेथें त्याला कांहींच दिसत नाहीं. चाकाखालीं मात्र एका सबंध वंशाची ठेव असते. ओढ्यांतली वाळू उपसली, दगड उचलले, साबणाचें पाणी सोडलें, कीं पुढचीं दोनतीन वर्षें जीं वर यावयाचीं होतीं तीं पिलें गेलीं. आणि तें आपणांस कळतें केव्हां, तर एखाद्या वर्षीं दिव्यापाशीं किडे आले नाहींत म्हणून घरांत बरें वाटतें तेव्हां!

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें समजण्यास कठीण जाऊं नये. पणजोबांनीं लावलेल्या आंब्याच्या कैऱ्या पणतवंडें खातात; मधल्या प्रत्येकानें झाडाला पाणी घातलेलें असतें, आणि झाड तोडण्याचा मोह एकदां तरी आवरलेला असतो. माणसें येतात नि जातात, घर चालतें. मात्र घराला आपली बाजू मांडतां येते, भांडतां येतें, कोर्टांत जातां येतें; खडकांतल्या खळग्याला कांहींच बोलतां येत नाहीं.

करावयाचें तें फार अवघड नाहीं. पहिल्या पावसानंतरच्या आठपंधरा रात्रीं अंगणांतला व गच्चीवरचा दिवा कामापुरता लावावा आणि मग मालवावा. कासला किंवा दुसऱ्या कोणत्याहि सड्यावर गेलें असतां वाहन रस्त्यावरच ठेवावें, आणि डबक्यांत हातपाय किंवा डबे धुऊं नयेत. कोरडा खळगा दिसला तरी त्याला वळसा घालून जावें. ज्यांची शेती आहे त्यांनीं औषध फवारण्यापूर्वीं पान उलटून पाहावें, कीं तेथें शत्रूबरोबर मित्रहि बसला आहे काय. आणि मुलांना बरोबर नेऊन ओढ्यांतला एक दगड उलटून दाखवावा. खालचे जीव पाहून झाले कीं तो दगड होता तसाच, त्याच जागीं, त्याच बाजूवर ठेवावयास शिकवावें. पाहणें सर्वच मुलें आपोआप शिकतात. परत ठेवणें मात्र घरांतल्या कोणी तरी शिकवावें लागतें.